जीवनकौशल्यांचं ट्रेनिंग घ्यायचंय, पण समोरचे शिक्षक ऐकतच नाहीत

पत्र असं आहे:

"मॅडम नमस्कार, मी निफाड तालुक्यातल्या एका शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. यावर्षी आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत जीवनकौशल्यांवर दोन सेशन घ्यायची जबाबदारी माझ्यावर आलीये. पहिलं झालं. रात्री जागून ४२ स्लाइडची पीपीटी केली होती, दहाच्या दहा कौशल्यं, व्याख्या, चित्रं, सगळं. पंधराव्या स्लाइडपर्यंत अर्धे लोक मोबाईलमध्ये. मग एक सीनियर सर उठून म्हणाले, मॅडम हे सगळं चांगलंय पण पोर्शन कधी संपवायचा तेवढं सांगा, आणि सगळे हसले. मला पुढे बोलताच येईना. घरी येईपर्यंत रडू आवरत नव्हतं. दुसरं सेशन पंधरा दिवसांवर आहे, दीड तास, चाळीस शिक्षक, विषय दिलाय 'विषयाच्या तासातून जीवनकौशल्यं'. केंद्रप्रमुख सरांना नाही म्हणून सांगू का, की अजून चांगली पीपीटी करू?"

ताई, पत्र दोनदा वाचलं. नाही म्हणू नका आणि पीपीटी तर अजिबात करू नका. तुमचं सेशन पडलं ते तुम्हाला बोलता येत नाही म्हणून नाही, आणि समोरचे शिक्षक वाईट आहेत म्हणूनही नाही. जी गोष्ट मुलांना नुसती सांगून येत नाही, करायला दिल्याशिवाय येत नाही असं आपण म्हणतो, तीच गोष्ट आपण शिक्षकांना नुसती सांगत बसलो, एवढंच झालंय. आणि हे माझ्याकडूनही झालंय बरं का.

बरीच वर्षं झाली, मी नुकतीच ट्रेनिंग घ्यायला लागले होते. इथेच नाशिकमध्ये दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं, मी शिक्षकांकडून चार्ट पेपरवर दहा पाकळ्यांचं फूल करून घेतलं, एकेका पाकळीवर एकेक कौशल्य. लोकांनी मनापासून केलं, रंगवलं, फोटो काढले, शेवटी मनोगतं पण छान झाली. दोन महिन्यांनी त्यातल्याच एका शाळेत गेले तर ते फूल लॅमिनेट करून ऑफिसच्या भिंतीवर लावलेलं, आणि शेजारच्या वर्गात एक मुलगी बाकावर उभी, का तर तिने गणित फळ्यावरच्या रीतीने न सोडवता स्वतःच्या रीतीने सोडवलं होतं, आणि उत्तर बरोबर आलं होतं. मी दारात उभी राहून तिच्याकडे बघत होते. 'सर्जनशील विचार' ही पाकळी भिंतीपलीकडे दहा फुटांवर होती. त्या दिवसापासून मी ट्रेनिंगमध्ये फुलं, झाडं, चक्रं काढायला लावणं बंद केलं.

म्हणजे यादी चुकीची आहे असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३-९४ च्या सुमारास शाळांसाठी ही दहा कौशल्यं मांडली (स्वतःची जाणीव, समानुभूती, समस्या निराकरण, निर्णय घेणं, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, संप्रेषण, नातेसंबंध, भावनांचं समायोजन, ताणाचं समायोजन), त्यावर विचार करूनच मांडली. पण तुमच्यासमोर बसलेल्या चाळीसपैकी जवळजवळ सगळ्यांना ती पाठ आहेत. डी.एड.ला, बी.एड.ला १९८६ च्या शैक्षणिक धोरणातले दहा गाभा घटक, मूल्यं आणि ही दहा जीवनकौशल्यं असं सगळं घोकलेलं असतं, टाचणात (पाठाच्या नियोजनाच्या वहीत) त्याचा रकाना असतो, आणि तो रकाना भरायला मिनिटभर लागतं. गणित असलं की समस्या निराकरण, मराठीची कविता असली की समानुभूती, विज्ञान म्हटलं की चिकित्सक विचार, झालं. तुम्ही टाचण तपासलंत तर दहाही कौशल्यं वर्षभर रुजतायत असं दिसेल. म्हणून व्याख्या परत सांगितल्या की लोक मोबाईल काढतात, त्यांचं काय चुकलं.

माझं म्हणणं एवढंच आहे ताई, की कौशल्य रकान्यात नसतं, पाठात ज्या दहा मिनिटांत मूल स्वतः काहीतरी ठरवतं, विचारतं, पटवून देतं, ऐकून घेतं, त्या दहा मिनिटांत असतं. तेव्हा ट्रेनिंगमध्ये शिक्षकाने करायचं काम एकच, की आपल्या पुढच्या आठवड्यातल्या एका पाठातला एक प्रश्न असा बदलायचा की मुलाला ते करावं लागेल. एक पाठ, एक प्रश्न. वेगळा तास नको, वेगळी वही नको, उपक्रमाचा फोटो नको.

आता त्या सीनियर सरांबद्दल. मला वाटतं तुमच्या हॉलमधला सगळ्यात कामाचा माणूस तोच आहे. पोर्शन कधी संपवायचा हा प्रश्न टोमणा म्हणून आला असेल, पण प्रश्न खरा आहे. ३५-४० मिनिटांचा पिरियड, त्यात हजेरी, पोषण आहाराचा हिशोब, मध्येच ऑनलाइन माहिती भरा म्हणून मेसेज, निवडणुकीचं काम निघालं की ते वेगळंच. अशा माणसाला जाऊन आपण सांगतो की अजून एक गोष्ट करा, तर तो काय म्हणणार. तुम्ही सेशनच्या आधी त्यांच्या शाळेत जा किंवा फोन करा आणि सरळ सांगा, सर, तुमचा प्रश्न बरोबर होता, मला उत्तर देता आलं नाही, म्हणून यावेळी तुमचाच एक पाठ घेऊन बघू या का, वेळ न वाढवता होतंय का ते. ते गणिताचे असतील तर अजूनच छान. माणूस किती का कडक असेना, आपला प्रश्न कोणी मनावर घेतला म्हटल्यावर बदलतो, मी पाहिलंय.

गणिताचंच उदाहरण देते, येवला तालुक्यात एका सातवीच्या वर्गात मी मागच्या बाकावर बसून बघितलेलं. शेकडेवारीचा पाठ. पुस्तकात असतात तशी गणितं, अमुक किमतीत इतके टक्के घट झाली तर नवी किंमत काढा. त्या सरांनी फळ्यावर लिहिलं: तुमच्याकडे ४० क्विंटल उन्हाळी कांदा आहे, आत्ता विकला तर १,२०० रुपये क्विंटल मिळतो. कांदाचाळीत (साठवणीच्या शेडमध्ये) ठेवला तर धरून चाला की चार महिन्यांत २५ टक्के घट येईल, आणि तेव्हा भाव २,००० मिळेल असं लोक म्हणतायत. पहिल्यांदा सगळ्यांनी आकडेमोड केली, आत्ता विकला तर ४८ हजार, ठेवला तर उरतात ३० क्विंटल, त्याचे ६० हजार. इथपर्यंत पुस्तकातलंच गणित, काही वेगळं नाही, पोर्शनमध्ये बसणारं. मग सरांनी विचारलं, निदान किती भाव मिळाला तर ठेवून तोटा नाही? पोरांनी ४८ हजाराला ३० ने भागलं, १,६००. आणि मग खरा प्रश्न, तुम्ही काय कराल, आणि ठरवायच्या आधी तुम्हाला अजून काय माहीत असायला पाहिजे? जोडीत बोला, तीन मिनिटं.

ताई, तो वर्ग बघायला पाहिजे होता तुम्ही. एक मुलगा म्हणाला चाळ आपली आहे का भाड्याची? दुसरा म्हणाला पाऊस लवकर आला आणि चाळ गळली तर २५ काय ५० टक्के पण घट येईल. एक जण म्हणाला आमच्या घरी सोसायटीच्या कर्जाचा हप्ता आहे, थांबताच येत नाही, आत्ताच विकावा लागतो. आणि खिडकीजवळ बसलेली एक मुलगी, तास संपत आला तरी तिने तोंड उघडलं नव्हतं, ती हळूच म्हणाली, "पण सर, चाळीतला कांदा आईच निवडते रोज, तिला विचारलं का कोणी?" सर दोन क्षण गप्प झाले, मग म्हणाले, नाही विचारलं, हा मुद्दा माझ्या लक्षात आलाच नव्हता, आणि त्यांनी तो फळ्यावर लिहिला, तिच्या नावासकट. त्या मुलीचा चेहरा मी विसरणार नाही.

पूर्ण पाठात जास्तीचा वेळ किती गेला सांगू? नऊ मिनिटं, घड्याळ लावून मोजलं मी. आणि एरवी पुस्तकातली जी पाच गणितं सोडवण्यात वेळ जातो, त्यातली तीन या एकाच गणितात येऊन गेली. तुमच्या सीनियर सरांना हे सांगा, किंवा सांगूच नका, त्यांनाच सोडवायला द्या.

आता दीड तास कसा काढायचा. पहिली दहा मिनिटं कौशल्य हा शब्दच काढू नका. एकेक कोरी चिठ्ठी द्या आणि म्हणा, गेल्या आठवड्यात वर्गातला एक क्षण लिहा जेव्हा तुम्हाला काय करावं सुचलं नाही, नाव लिहायचं नाही. येतं ते असं येतं बघा: मुलगी प्रश्न विचारला की रडते, दोन पोरं सारखी मारामारी करतात, मागचा बाक काही बोलतच नाही, एकजण कायम दुसऱ्याचं बघून लिहितो, द्राक्षाच्या कामाला आईवडील सुरगाणा, पेठ तालुक्यांतून आलेत आणि मूल दोन महिन्यांनी परत जाणार, त्याच्याशी वर्गातलं कोणी बोलत नाही. चिठ्ठ्या वाचा. मग बघा, लोकांना आपोआप दिसतं की यातली प्रत्येक चिठ्ठी त्या दहापैकी कशाच्या तरी अभावाची आहे. नाव शेवटी आलं पाहिजे, आधी नाही. आणि त्या दहा मिनिटांत शिक्षकांचं ओझं पण बाहेर पडतं, ते पडू द्या, मध्ये अडवू नका, उपदेश करू नका.

पुढची पंधरा मिनिटं तुम्ही स्वतः एक पाठ घ्या, समोरचे चाळीस लोक तुमची मुलं. तुम्ही विज्ञानाच्या आहात, गोदाकाठच्या तालुक्यात आहात, तर पुराचं घ्या. मापनाच्या पाठात बसतं, आपत्ती व्यवस्थापनात पण बसतं. आपल्याकडे पूर मोजायची जुनी पट्टी म्हणजे नाशिकच्या गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती, गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी, सगळ्या नाशिकला कळतं. आणि नाशिकमध्ये पाणी वाढलं की पुढे चांदोरी-सायखेड्याला काय होतं ते तुमच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तर फळ्यावर एक व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज लिहा, असा येतोच दर पावसाळ्यात: "गंगापूर धरणातून ५० हजार क्युसेक पाणी सोडले, दोन तासात गावात घुसणार, ताबडतोब पुढे पाठवा." मग विचारा क्युसेक म्हणजे काय. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. १० हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर, १० हजार लिटरचे २८ टँकर, दर सेकंदाला. मुलांना हे स्वतः काढू द्या, टँकर सगळ्यांनी बघितलेला असतो, आकडा एकदम अंगावर येतो. मग ५० हजारचं काढा. आणि मग खरे प्रश्न: या मेसेजवर तारीख आहे का? कोणी पाठवलाय? खात्री कुठे करायची, तलाठी, ग्रामपंचायत, तहसील? खात्री होईपर्यंत गप्प बसायचं का? शेजारी एकटी आजी राहते, तिला सांगायचं तर कोणत्या शब्दांत सांगायचं म्हणजे ती घाबरणार नाही पण हलेल?

शेवटचा प्रश्न नीट बघा, त्यात संप्रेषण आहे, समानुभूती आहे, ताणाचं समायोजन आहे, आणि एकही शब्द आपण उच्चारला नाही. लोकांना जोडीत बोलू द्या. दोघांना उठवून संवाद करायला लावा, एक आजी, एक सातवीतलं पोर. ही पाच मिनिटं तुमच्या ४२ स्लाइडपेक्षा जास्त काम करतील.

एक गोष्ट या पाठात मुद्दाम करून दाखवा. प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानाच्या तासांच्या टेप ऐकून मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात, मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात, 'माहीत नाही' कमी होतं, आणि जी मुलं एरवी बोलत नाहीत ती बोलायला लागतात. तीन सेकंद. मनात एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन म्हणायचं. करून बघा, पहिल्यांदा फार लांब वाटतं, छातीत धडधडतं, पण पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही, आणि आठवी-दहावीच्या गुरुजींनाही उद्यापासून करता येतं.

मग उरलेला सगळा वेळ, निदान पाऊण तास, त्यांचा. विषयवार चार-चारचे गट करा. प्रत्येकाने येतानाच पुस्तक आणि पुढच्या आठवड्याचं टाचण आणायचं, हा निरोप ग्रुपवर आधीच टाका, दोनदा टाका. प्रत्येक गटाने एकच पाठ निवडायचा, त्यातला एकच प्रश्न बदलायचा आणि गटातल्या एकाने सात मिनिटं तो पाठ बाकीच्यांना शिकवायचा. बी.एड.ला सगळ्यांनी सूक्ष्म अध्यापन, म्हणजे मोजक्या लोकांसमोर काही मिनिटांचा छोटा पाठ, केलेलंच आहे, १९६० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये निघालेली पद्धत, आपण ती मार्कांपुरती करून सोडून दिली, पण कामाची आहे. फक्त एक नियम लावा, पाठ झाल्यावर 'छान झाला', 'आवाज चांगला होता' असं कोणी म्हणायचं नाही. मुलांनी काय केलं तेवढंच सांगायचं. कोण बोललं, कोण नाही बोललं, कुठे थांबून विचार केला, कुठे नुसतं सरांच्या तोंडाकडे बघून उत्तर ओळखलं.

गटांना काही सुचत नसेल तर तुम्ही फिरून मदत करा, पण उत्तर देऊ नका. भाषेवाल्यांना विचारा की स्वमताचा प्रश्न मुलं गाईडमधून पाठ करून लिहितात ना, मग असा कोणता प्रश्न काढता येईल ज्याचं उत्तर गाईडमध्ये असूच शकत नाही? इंग्रजीच्या मॅडमना म्हणा मैत्रिणीला 'नाही' कसं म्हणायचं, भांडण न करता, ते संवादलेखनात घ्या, आपल्या पोरींना ते मराठीत पण म्हणता येत नाही. भूगोलाला गोदावरी द्या, ब्रह्मगिरीपासून समुद्रापर्यंत १,४६५ किलोमीटर, चार गट, प्रत्येक गटाकडे नदीचा एकेक टप्पा, आणि शेवटचा प्रश्न असा की चारही गटांची माहिती एकत्र आल्याशिवाय सुटत नाही. ही जिगसॉ पद्धत, एलियट अ‍ॅरनसन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत सुरू केली, तिथे गोरी, काळी आणि मेक्सिकन मुलं नव्यानेच एका वर्गात आली होती आणि एकमेकांशी धड बोलत नव्हती. सुरगाण्याहून आलेलं मूल ज्या वर्गात एकटं बसतं तिथे हीच पद्धत घ्या, कारण त्याच्याकडची माहिती घेतल्याशिवाय बाकीच्यांचं काम पुढे जातच नाही.

इतिहासाबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण इथे उत्साहात मोठी चूक होऊ शकते. आपल्या नाशिकचाच काळाराम मंदिर सत्याग्रह, २ मार्च १९३० ला सुरू झाला, डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड, समानुभूतीसाठी याच्याइतका जवळचा पाठ नाही. पण त्याचं नाटुकलं करून काही मुलांना 'आत जाऊ न दिलेले' आणि काहींना 'अडवणारे' करू नका, कधीच करू नका. ज्या मुलाच्या घरात ती जखम आहे ते मूल तुमच्या वर्गातच बसलेलं असतं, त्याला भर वर्गात परत दाराबाहेर उभं करायचं नाही. त्यापेक्षा पुरावा वाचायला द्या, प्रश्न विचारायला द्या, त्या दिवशी दार बंद ठेवणाऱ्यांनी काय कारणं दिली असतील आणि त्यातलं कुठलं कारण तपासून टिकतं? सहानुभूती आणि समानुभूती यात फरक आहे तो इथेच कळतो. बिच्चारे म्हणणं सोपं असतं, आपण त्या रांगेत कुठे असतो ते शोधणं अवघड असतं.

याच धाग्यातली अजून एक गोष्ट, ट्रेनिंगमध्ये हमखास सुटते. भावनांचं समायोजन म्हणून 'तुमच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट प्रसंग लिहा' असले विषय मुलांना देऊ नका. घरातलं वर्गात ओढून आणायचं नाही. गारपिटीत बाग गेलेल्या घरातलं पोर असतं, वडील दारू पिणारं पोर असतं. गोष्टीतल्या पात्राबद्दल बोला, तेवढं पुरतं. पण तरी जर एखादं मूल आपणहून काही सांगून बसलं, मारहाणीचं, किंवा त्याहून वाईट, तर शिक्षकाने काय करायचं हे प्रत्येकाला आधीच माहीत हवं. शांतपणे ऐकायचं, उलटतपासणी करायची नाही, कोणाला सांगणार नाही असं वचन द्यायचं नाही, आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर तोंडपाठ हवा. लैंगिक अत्याचाराचं काही असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे, शाळेचं नाव खराब होईल म्हणून दाबता येत नाही. यासाठी सेशनमधली पाच मिनिटं राखून ठेवा, बाकी काही कापावं लागलं तरी चालेल.

मूल्यमापनाचा प्रश्न कोणीतरी विचारणारच, याची नोंद कुठे करायची, मार्क किती. मार्क द्यायचे नाहीत. समानुभूतीला दहापैकी सात म्हणजे काय असतं? आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी आपण करतोच, पण त्या यादीतून उतरवलेल्या असतात, 'इतरांच्या भावनांचा आदर करतो', चाळीसही मुलांना तेच. त्याऐवजी आठवड्याला फक्त दोन मुलांबद्दल खरं घडलेलं एक वाक्य लिहा, तारखेसह. 'गटात आपलं उत्तर चूक आहे हे स्वतःहून सांगितलं.' वर्षभरात सगळ्या मुलांची एकदा तरी नोंद होते आणि पालकसभेत आईला ते वाचून दाखवलं की तिला कळतं की आपल्या पोराकडे कोणाचं तरी लक्ष आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक ट्रेनिंगमध्ये होतच नाही. सेशन संपलं की ते संपतं. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी १९८० मध्ये शिक्षक-प्रशिक्षणावरचे बरेच अभ्यास एकत्र करून मांडलं होतं, की ऐकणं, बघणं, सराव करणं, फीडबॅक मिळणं हे सगळं ठीक, पण वर्गात खरोखर उतरायला नंतर कोणीतरी सोबत लागतं, वर्गात येऊन बघणारं, परत बोलणारं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांना वर्षाला ५० तास प्रशिक्षण म्हटलंय, पण ते ५० तास हॉलमध्ये बसून काढले तर काय उपयोग. म्हणून उठायच्या आधी जवळजवळच्या शाळांतल्या दोघा-दोघांच्या जोड्या लावा. पंधरा दिवसांत एकदा एकमेकांच्या वर्गात जायचं, फक्त तो बदललेला प्रश्न चालू असताना, दहा मिनिटं. केंद्रप्रमुख सरांशी बोलून तेवढी परवानगी आधीच घेऊन ठेवा, तपासणी नाहीये हे त्यांच्याच तोंडून सांगायला लावा, कारण वर्गात कोणी येणार म्हटलं की शिक्षक घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं उगाच नाहीये.

बघायला जाणाऱ्याने काय करायचं तर एका कागदावर बाकांचा नकाशा काढायचा आणि जो बोलला त्याच्या जागी एक टिंब. बस. एका सरांच्या वर्गात मी असा नकाशा केला होता, ३६ मुलं, दहा मिनिटं, १९ टिंबं, आणि ती सगळी पुढच्या दोन रांगांतल्या पाच जणांची. मी काहीच बोलले नाही, कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी बराच वेळ बघितला, मग मागच्या कोपऱ्यातल्या एका बाकावर बोट ठेवून म्हणाले, "ही माझ्या वर्गात आहे हे मी आज पूर्ण विसरलो होतो." पुढच्या तासाला त्यांनी त्या मुलीच्या बाकाजवळ उभं राहून पाठ घेतला.

ताई, पहिल्या वेळी चाळीसच्या चाळीस लोक करतील अशी आशा धरू नका. सहा-सात जणांनी खरंच केलं तरी पुष्कळ झालं, पुढच्या शिक्षण परिषदेत तुम्ही बोलूच नका, त्या सहा-सात जणांना आपापले नकाशे घेऊन पाच-पाच मिनिटं बोलू द्या. आणि रडू आलं त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ज्याला मुलांची काळजी असते त्यालाच असं लागतं.

त्या सीनियर सरांना फोन येत्या रविवारी सकाळीच करा, तेव्हा ते निवांत असतील. आणि सेशनच्या दिवशी कोऱ्या चिठ्ठ्या, टिंबाचे कागद, एक हाताचं घड्याळ एवढंच न्या, प्रोजेक्टर लावायला सांगू नका. झालं की त्यांचा कोणता पाठ निवडला आणि मुलांनी काय केलं ते मला लिहून पाठवा, नकाशाचा फोटो पण टाका, मी वाट बघते.